उन्हाळी सुट्टी आणि दिव्यांग शिशू : कौमारभृत्याच्या दृष्टीने काही विचार

विषयप्रवेश

विदर्भातील उन्हाळी सुट्टी महाराष्ट्राच्या इतर भागांतील सुट्टीपेक्षा दीर्घ असते. राज्यात अन्यत्र जूनच्या मध्यास शाळा उघडतात; नागपूर व भोवतालच्या जिल्ह्यांत मात्र उष्म्यामुळे त्या जूनच्या अखेरीकडे उघडतात. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. याच काळात अंगणवाडीचे दैनंदिन वर्ग विस्कळीत होतात, विशेष शाळा बंद असतात आणि भौतिकोपचार किंवा वाचा-उपचार देणारे तज्ज्ञही काही दिवस रजेवर जातात. निरोगी बालकास हा काळ मामाच्या गावाचा व आंब्यांचा असतो. तीन ते सहा वर्षे वयाच्या दिव्यांग बालकाच्या बाबतीत मात्र वर्षभर कष्टाने मिळविलेले थोडेसे यश याच दोन महिन्यांत हातून निसटण्याचा संभव असतो.

आम्हा वैद्यांचा या विषयाशी निकटचा संबंध येतो, त्याचे कारण असे. एप्रिलच्या अखेरीस चिकित्सालयात एक विनंती हमखास ऐकू येते : ‘डॉक्टरसाहेब, आता दोन महिने शाळा नाही, मुलाचे महिनाभर पंचकर्म करून घ्यावे म्हणतो.’ पालकांची भावना रास्त असते. त्यांना सवड याच वेळी मिळते. परंतु पालकांची सवड आणि शास्त्राने सांगितलेला काळ यांचा येथे उघड विरोध आहे. अशा वेळी नुसता नकार देणे पुरेसे नाही आणि नुसता होकार देणे योग्य नाही. सुट्टीत या बालकांसाठी वैद्याने नेमके काय करावे व काय टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुट्टीत नेमके काय बिघडते?

मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या बालकाच्या स्नायूंना दररोज ताण देऊन लांब ठेवावे लागते. तो ताण काही आठवडे थांबला की पोटऱ्या व मांड्यांचे स्नायू आखडू लागतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते आणि मग तीच हालचाल पुन्हा मिळविण्यास दुप्पट श्रम पडतात. स्वमग्न बालकाचे स्वास्थ्य ठरलेल्या क्रमावर अवलंबून असते. सकाळी गणवेश, नंतर रिक्षा, नंतर ताई, नंतर डबा ही साखळी एकाएकी तुटली की ते चिडचिडे होते, झोप बिघडते, क्वचित शिकलेले शब्दही मागे पडतात. श्रवणदोष असलेल्या बालकाचे श्रवणयंत्र ‘सुट्टीच आहे’ म्हणून डबीत जाऊन बसते आणि ज्या वयात भाषा रुजते, त्या वयातील दोन महिने निःशब्द जातात. बौद्धिक विकास मंद असलेले बालक शौचास सांगणे, हाताने खाणे, बटण लावणे या सवयी पुनरावृत्तीनेच शिकते. पाहुण्यांच्या गर्दीत घरची मंडळी घाईने सर्व त्याच्यासाठी करून टाकतात आणि सवय मोडते.

या सर्वांचे मूळ एकच आहे. या बालकांच्या बाबतीत शाळा हे केवळ शिक्षणाचे स्थान नसून ती चिकित्सेची रोजची मात्रा असते. सुट्टीत ती मात्रा बंद पडते आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही येत नाही.

फक्करोग व ‘अभ्यासा’चे महत्त्व

हा विचार आयुर्वेदास नवा नाही. नेपाळातील हस्तलिखितावरून १९३८ साली प्रकाशित झालेल्या काश्यपसंहितेत फक्करोगाचे स्वतंत्र वर्णन आहे. एक वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही, त्यास फक्क म्हटले असून त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. हे वर्णन आजच्या कोणत्याही एका निदानाशी तंतोतंत जुळवू नये. त्यात कुपोषणाचाही मोठा भाग आहे. तथापि चिकित्सेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. घृतपान, शोधन, राजतैलाचा अभ्यंग एवढ्यावर आचार्य थांबत नाहीत. कुशल कारागिराकडून तीन चाकांचा छोटा रथ करवून घ्यावा आणि त्याच्या आधाराने बालकाने हळूहळू चालण्याचा अभ्यास करावा, असा स्पष्ट निर्देश ते देतात. आपल्या घरोघरी असलेला पांगुळगाडा तो हाच.

येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, औषधाइतकेच स्थान साधनाला व सरावाला दिले आहे. दुसरी, तो सराव ‘हळूहळू’ करावयाचा आहे. महिनाभरात सर्व उरकण्याची घाई येथे नाही, तसाच दोन महिन्यांचा खंडही नाही. सुट्टीतील चिकित्सेचे सूत्र आम्हास यातच दिसते : मात्रा कमी, वेळ अनुकूल, परंतु खंड नाही.

पांगुळगाड्याविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. बाजारात मिळणारा, बालकास मध्ये बसवून पायांनी ढकलावयाचा चाकांचा वॉकर हा पांगुळगाडा नव्हे. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. पांगुळगाड्यामागे बालक स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते आणि मोठे माणूस शेजारी असते. ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात किंवा जे चवड्यांवरच उभे राहते, त्या बालकास मात्र भौतिकोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय तोही देऊ नये.

ग्रीष्मात पंचकर्म का नको?

ग्रीष्म हा आदानकाळाचा शेवट असून या ऋतूत बल क्षीण व अग्नी दुर्बल असतो. वमन-विरेचनादी शोधन साधारण ऋतूंत करावे, अतिशीत, अतिउष्ण व अतिवर्षेच्या काळात आत्ययिक अवस्थेशिवाय करू नये, हा सिद्धांत आपणा सर्वांस परिचित आहे. त्यात रोगी बाल, तोही दिव्यांग. अशा बालकास मे महिन्यात पेटीस्वेद, नाडीस्वेद किंवा उष्ण पिंडस्वेद देणे हे साहस होय. अनेक बालकांना तहान सांगता येत नाही, काहींना घाम नीट येत नाही, काहींना ज्वर चढताच आकडी येते. पालकांना हे शांतपणे समजावून शोधनकर्म शरद किंवा वसंत ऋतूसाठी योजावे. शरदात बहुधा दिवाळीची सुट्टीही येते, हे सांगितले की पालकांचे समाधान होते.

नस्याबाबत विशेष सावध राहावे. सात वर्षांपूर्वी नस्य देऊ नये असे वाग्भटाचे मत आहे. प्रतिमर्श मात्र त्यास अपवाद आहे. परंतु ज्या बालकाची लाळ गळते, पाणी पिताना ज्यास ठसका लागतो, त्याच्या नाकात घरच्या घरी तेलाचे थेंब सोडण्याची प्रथा धोक्याची आहे. गिळण्याची क्रिया सदोष असल्याने तेल फुप्फुसात उतरते व त्यातून चिवट स्वरूपाचा न्यूमोनिया होतो. अशा बालकात प्रतिमर्शही टाळावा.

‘ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य, मग भौतिकोपचारही बंद ठेवावा काय?’ असा प्रश्न काही वैद्यबंधू उपस्थित करतात. आमच्या मते तसे नाही. निषेध शक्ती क्षीण करणाऱ्या श्रमाचा आहे. सांध्यांची हळुवार हालचाल, स्नायूंना दिलेला ताण, आधाराने उभे राहणे हे मंद कर्म असून ते सकाळी थंड वेळी थोडे थोडे करावे. काळ बदलावा, कर्म सोडू नये.

अभ्यंग : कोणास, कसा व कोणास नाही

सुट्टीत घरी करता येण्यासारखे सर्वोत्तम कर्म म्हणजे मृदू अभ्यंग. सकाळी उपाशीपोटी किंवा खाल्ल्यानंतर पुरेसा वेळ जाऊ देऊन, पंधरा-वीस मिनिटे तो करावा. ग्रीष्मात चंदनबलालाक्षादी तैल किंवा साधे खोबरेल सोयीचे पडते. उष्ण तैले व त्यावर शेक टाळावा. अभ्यंगानंतर सांध्यांच्या हालचाली सहज होतात, म्हणून त्या लगेच कराव्यात व मग स्नान घालावे. या वेळी आईने किंवा वडिलांनी प्रत्येक अवयवाचे नाव घेत बोलत राहावे. ‘हा हात, हे बोट, आता दुसरा पाय’ एवढ्या बोलण्याने अभ्यंगातूनच भाषेचाही पाठ होतो.

परंतु ‘मालीश कोणालाही चालते’ हा समज चुकीचा आहे. पुढील बालकांत विशेष विचार करावा.

१. डाउन सिंड्रोम : या बालकांच्या मानेचे सांधे शिथिल असू शकतात. मान वळविणे, झटका देणे, मालीशवाल्या बाईने पाय धरून उलटे करणे या गोष्टी कटाक्षाने बंद कराव्यात.

२. हिमोफिलिया : जोराच्या मर्दनाने सांध्यात व स्नायूत रक्तस्राव होतो. मर्दन नकोच.

३. सिकलसेल व थॅलेसेमिया : प्लीहा वाढलेली असल्यास पोटावर मर्दन करू नये. वेदनेचा झटका चालू असताना दुखरा भाग रगडू नये.

४. अस्थी ठिसूळ असलेली बालके, तसेच दीर्घकाळ न चाललेली बालके : त्यांच्यात अल्प बलानेही अस्थिभंग होऊ शकतो. हात-पाय ओढून ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न करू नये.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ अन्वये मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचाही समावेश झाला. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने आपल्यापुढे येणारे ‘दिव्यांग शिशू’ केवळ न चालणारे किंवा न बोलणारे नसते, हे ध्यानी ठेवावे. सिकलसेलच्या बालकास उन्हाळा विशेष कठीण जातो. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात व तीव्र वेदना सुरू होतात. उन्हातून आल्यावर एकदम बर्फगार पाण्याने स्नान घालण्यानेही वेदना उद्भवू शकतात. ज्वर आल्यास अशा बालकास घरी काढे देत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पांडुता पाहून लोहकल्प सुरू करण्याचा मोह टाळावा. वारंवार रक्त दिलेल्या बालकाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते.

उष्मा, पाणी आणि चालू औषधे

चौदा किलो वजनाच्या बालकास एरवीही दिवसाकाठी सुमारे १२०० मिलिलिटर द्रव लागतो. दूध, वरणाचे पाणी, ताक हे सर्व त्यात धरावे. उन्हाळ्यात त्याहून अधिक लागतो. ज्यास मागता येत नाही त्यास दर तासाला आठवणीने पाजावे. कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, पातळ ताक, वाळा घातलेले माठातील पाणी ही आपल्या घरातील उत्तम पेये आहेत. पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्या बालकास सातूचे पीठ कालवून किंचित दाट केलेले पेय सरळ बसवून, लहान चमच्याने द्यावे. आडवे निजवून काहीही पाजू नये. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर द्रव कमी पडत आहे असे समजावे. मलावष्टंभ ही या बालकांची नित्याची तक्रार उन्हाळ्यात वाढते. तीव्र रेचक देण्याऐवजी द्रव, मनुकांचे पाणी व थोडे तूप यांनी प्रारंभ करावा.

पालकांकडून चालू औषधांची चिठ्ठी अवश्य पाहावी. आकडीसाठी दिली जाणारी टोपिरामेट व झोनिसामाइड ही औषधे, तसेच स्नायूंच्या अनैच्छिक हालचालींसाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल, यांनी घाम कमी होतो. असे बालक उष्म्यात लवकर तापते. त्यास दुपारी बाहेर नेऊच नये व अंग वारंवार ओल्या कापडाने पुसावे. आकडीचे औषध सुट्टीतही एक दिवस चुकू नये. गावी जाताना नेहमीपेक्षा आठ-दहा दिवसांचे अधिक औषध बरोबर द्यावे आणि ते तापलेल्या मोटारीत ठेवू नये. आयुर्वेदीय औषध सुरू केले म्हणून मूळ औषध बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

शरीर तापून ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे, भ्रम, बेशुद्धी, आकडी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या बालकाच्या तोंडात काहीही घालू नये. खिशात कांदा ठेवण्याच्या प्रथेस आमचा आक्षेप नाही, परंतु तिच्या भरवशावर राहू नये. पाच मिनिटांहून अधिक टिकणारी आकडी ही तातडीची अवस्था होय. मेंदूतील पाणी काढण्यासाठी नळी (शंट) बसविलेल्या बालकास वांत्या व सुस्ती आली तर ‘ऊन लागले’ असे समजून थांबू नये. नळी बंद पडल्याचीही तीच लक्षणे असतात.

घरातील दोन धोके नागपूरकरांस वेगळे सांगावयास नकोत. पहिला कूलर. ओल्या फरशीवर रांगणारे बालक कूलरच्या पत्र्यास हात लावते आणि अर्थिंग सदोष असेल तर प्राणावर बेतते. विजेचे काम जाणणाऱ्याकडून कूलर तपासून घ्यावा व त्याभोवती आडोसा करावा. दुसरा धोका साठविलेल्या पाण्याचा. उन्हाळ्यात हौद, ड्रम, टाकी भरलेली असते आणि अनेक स्वमग्न बालकांस पाण्याचे विलक्षण आकर्षण असते. झाकण पक्के असावे.

सुट्टीचा दिनक्रम

सकाळी लवकर उठवून शौच-मुखमार्जनानंतर अभ्यंग, हालचाली, स्नान व न्याहारी हे नऊच्या आत आटोपावे. सायंकाळी सहानंतर अंगणात वा गच्चीवर खेळ. मधली दुपार घरात, पडदे ओढून, परंतु रिकामी नव्हे. दिवसातील पाच-सहा कामांची चित्रे काढून ती क्रमाने भिंतीवर लावावीत आणि एक काम झाले की ते चित्र बालकाच्या हाताने उलटे करावे. बोलता न येणाऱ्या व स्वमग्न बालकांस ‘पुढे काय’ हे यातून कळते व त्यांची बेचैनी कमी होते. लग्नसराईत बाहेरगावी जावयाचे झाले तरी ही चित्रे बरोबर न्यावीत. बँडच्या आवाजाने घाबरणाऱ्या बालकास वरातीत नेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, हेही वैद्याने सांगितले की घरात ऐकले जाते.

खेळण्यांविषयी चरकाचार्यांचे मार्गदर्शन आजही पुरेसे आहे. खेळणी चित्रविचित्र, आवाज करणारी, मनोहर असावीत; जड, टोकदार, तोंडात जाण्याजोगी किंवा भीती वाटण्याजोगी नसावीत. खुळखुळा, मातीचे बैल, लाकडी ठोकळे, कणकेचा गोळा, डाळ-तांदूळ वेगळे करणे यांतून बोटांची पकड, डोळे व हात यांचा मेळ आणि लक्ष टिकविणे हे सर्व साधते. धान्याचे दाणे तोंडात व नाकात घालणाऱ्या बालकाजवळ मात्र मोठे माणूस बसलेले असावे. बालक जेवत नाही किंवा रडते म्हणून त्यास बागुलबुवाचे भय दाखवू नये, हाही चरकोक्त उपदेश पालकांस सांगावा.

दुपारी बालकास एका जागी बसवून हाती मोबाइल देण्याची सवय सर्वत्र दिसते. फार वेळ बसवून ठेवल्याने कमर दुर्बल होते, पाठ दुखते व श्रम होतो, असे काश्यपांनी नोंदविले आहे. भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ मधील मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये व दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. ज्यास बोलणे शिकावयाचे आहे त्यास समोर बोलणारे माणूस हवे. सुट्टीत मोठी भावंडे घरी असतात. त्यांना रोज अर्धा तास ‘ताई-दादाची शाळा’ भरविण्यास सांगितले तर ती आनंदाने भरवितात. आईवर सर्व भार टाकू नये. अभ्यंगाचे काम वडिलांनी व गोष्टीचे काम आजीने घ्यावे, अशी वाटणी आम्ही चिकित्सालयातच ठरवून देतो.

साधनांची निगा

पायास लावलेले आधारपट्टे (ए.एफ.ओ.) उकाड्यामुळे काढून ठेवले जातात. ते पूर्ण बंद न करता सुती मोजे घालून थंड वेळी व तज्ज्ञाने सांगितल्यास रात्री वापरावेत. पट्टा काढल्यावर त्वचेवर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा काचत आहे असे समजून तो दाखवावा. पट्टा लावण्यापूर्वी अभ्यंगाचे तेल पूर्ण पुसावे. श्रवणयंत्र घामाने बिघडते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, परंतु जागेपणी कानावरच असू द्यावे. कानात तेल घालण्याची घरगुती प्रथा श्रवणयंत्र वापरणाऱ्या बालकात बंद ठेवावी.

औषधनिर्माते व विक्रेते यांस निवेदन

सुट्टीत ‘मूल बोलत नाही, काही द्या’ असे म्हणत पालक थेट दुकानात येतात. आसव-अरिष्टांत १२ टक्क्यांपर्यंत स्वयंजनित मद्य असू शकते. आकडीची गुंगी आणणारी औषधे चालू असलेल्या चार वर्षांच्या बालकास सारस्वतारिष्ट वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. रसौषधींबाबत तर प्रश्नच नाही. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते, तिचा अर्थ काउंटरवरही पाळावा. औषधी द्रव्य व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ अन्वये अपस्मार, पक्षाघात, बहिरेपण, अंधत्व व मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. सुट्टीच्या हंगामात ‘स्वमग्नता मुळापासून’ असे फलक लावणे केवळ अवैध नाही, ते हतबल पालकांच्या आशेचा व्यापार करणे होय. आपले औषध साहाय्य करते, बल वाढविते, झोप व पचन सुधारते, हे प्रामाणिकपणे सांगितल्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढतेच.

योजना व संस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतात आणि अंगणवाडीतील बालकांची तपासणी वर्षातून दोनदा होते. म्हणजेच विकासविलंब प्रथम पाहणारे डोळे बहुधा आपल्याच व्यवसायबंधूंचे असतात. संशयित बालक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. सुट्टी हा त्या फेऱ्या पूर्ण करण्याचा, दिव्यांग प्रमाणपत्र व यू.डी.आय.डी. ओळखपत्र काढण्याचा उत्तम काळ आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. २०१६ च्या अधिनियमातील निःशुल्क शिक्षणाचा हक्क मात्र सहा ते अठरा वर्षांसाठी आहे. त्यामुळे सहाच्या आतील बालकासाठी अंगणवाडी, घर व चिकित्सक हेच तीन आधार उरतात.

नागपुरास या कार्याची परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली उभारलेला मातृसेवा संघ, शंकरनगरातील मूकबधिर विद्यालय, दक्षिण अंबाझरी मार्गावरील अंध विद्यालय ही नावे येथील प्रत्येक वैद्यास ठाऊक असावीत आणि आपल्या भागातील विशेष शिक्षकांशी त्याचा परिचय असावा.

उपसंहार

सुट्टी लागण्यापूर्वी आठवडाभर आधी प्रत्येक दिव्यांग शिशूच्या पालकांस एक चिठ्ठी द्यावी, अशी आमची सूचना आहे. तीत पाच गोष्टी असाव्यात : (१) शाळेने वा तज्ज्ञाने सांगितलेल्या हालचाली व पाठ, त्यांतील रोज न चुकता करावयाचे तीन, (२) अभ्यंगाचे तेल, वेळ व निषिद्ध बाबी, (३) चालू औषधे व त्यांचा साठा, (४) पाण्याचे प्रमाण व धोक्याची लक्षणे, (५) पुन्हा भेटीची तारीख. ज्या चिकित्सालयांत पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन होते, तेथे दर सत्तावीस दिवसांनी बालके आपणहून येतात. त्या दिवशी टाच टेकते का, शब्द किती आले, वजन किती, हे दोन मिनिटांत नोंदविता येते. शाळा उघडताना ती नोंद बाईंच्या हाती द्यावी, म्हणजे त्यांना पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

यास मोठे भांडवल लागत नाही, खर्चिक औषध लागत नाही. सुट्टी शाळेस आहे, अभ्यासास नाही, एवढे पालकांच्या मनावर ठसविण्याचे कार्य आपण सर्व व्यावसायिक बंधुभगिनींनी येत्या ग्रीष्मात अंगीकारावे, ही विनंती.